बार्सिलोना येथील बैलझुंजीचें रिंगण

स्पेन देशांतील बार्सिलोना शहरीं ‘लास आरेनास’ नांवाची विटांची वर्तुळाकार इमारत आहे. ती १९०० सालीं बैलझुंजींकरितां बांधण्यांत आली. ही झुंज म्हणजे बैलाबैलांची टक्कर नव्हे. शस्त्रधारी मनुष्य हजारों प्रेक्षकांसमोर बैलास ठार मारीत असे. १९७७ सालीं येथील झुंजी थांबल्या व पुढें इमारत ओस पडली. ती पाडणें सोपें होतें. परंतु तिची मूर धर्तीच्या कमानींची बाहेरील भिंत राखून आंत नवी रचना केली गेली. २०११ सालीं तेथें दुकानें व चित्रपटगृहें उघडलीं. त्याच वर्षीं शहरांतील दुसऱ्या, ‘मोनुमेंताल’ रिंगणांतही शेवटची झुंज झाली.

विद्यार्थीमित्रहो, पूर्वजांचें सर्वच टाकाऊ नसतें, तसें सर्वच राखण्याजोगेंही नसतें. कलाकुसर जपावी, क्रौर्य सोडावें, हा विवेक आपण या भिंतीपासून शिकूं या.