आठवा संगणक का चुकला?

भौतिकीच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक दृश्य हटकून दिसते. व्हर्नियर कॅलिपरने गोळ्याचा व्यास मोजायचा असतो. विद्यार्थी वाचने काळजीपूर्वक घेतो, सरासरी काढतो, सूत्रात किमती घालतो, तरीही उत्तर चुकते. मग तो सूत्र पुन्हा पाहतो, गुणाकार पुन्हा करतो. चूक मात्र तेथे नसतेच. उपकरणाचे जबडे मिटले असता शून्यासमोर शून्य येते की नाही, एवढे साधे पाहायचे राहून गेलेले असते.

व्यापारी कामकाजासाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रचंड आज्ञावल्यांचेही असेच आहे. आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, ही संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, शेअर बाजारातील खरेदी-विक्री ही सारी कामे अशा आज्ञावल्यांवर चालतात. त्यातील एकेक सूचना सोपी असते. पण सूचना लक्षावधी असतात, त्या अनेक माणसांनी अनेक वर्षे लिहिलेल्या असतात आणि अनेक संगणकांवर एकाच वेळी चालतात. अशा ठिकाणी मोठी आपत्ती बहुधा एखाद्या साध्या दुर्लक्षातूनच उभी राहते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेत घडलेली एक खरी घटना पाहू.

पंचेचाळीस मिनिटे

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर व्यवहारांची एक मोठी कंपनी होती. समजा, ग्राहकाला एखाद्या कंपनीचे १०,००० शेअर हवे आहेत. एवढी मागणी एकदम बाजारात आली तर भाव चढेल. म्हणून कंपनीची आज्ञावली त्या मोठ्या मागणीचे लहान लहान तुकडे करून ते बाजारात धाडत असे. हे काम आठ संगणकांवर चाले. अशा कामाच्या संगणकांना सर्व्हर म्हणतात.

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती. त्यासाठी कंपनीने आज्ञावलीत नवा भाग लिहिला आणि आदल्या काही दिवसांत तो सर्व्हरांवर चढवला. सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि कंपनीच्या यंत्रणेतून मागण्यांचा पूर लोटला. ग्राहकांच्या मूळ मागण्या होत्या फक्त २१२. पण ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

४५ मिनिटे म्हणजे २७०० सेकंद. भागाकार करून पाहा. दर सेकंदाला सुमारे १५०० व्यवहार आणि सुमारे १ लाख ७० हजार डॉलरचा तोटा! माणसाने डोळ्यांची उघडझाप करावी, तेवढ्यात शेकडो व्यवहार होऊन गेलेले.

चूक कोठे होती?

अमेरिकेच्या रोखे बाजार नियामक आयोगाने या घटनेची चौकशी केली. तीतून पुढे आलेला क्रम पाहण्यासारखा आहे.

आज्ञावलीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. कंपनीने त्याचा वापर २००३ मध्येच बंद केला होता, पण तो काढून टाकला नव्हता. अडगळीच्या खोलीत जुने यंत्र पडून राहावे, तसा तो पडून होता.

किती शेअर मिळाले याची मोजणी करून, मागणी पुरी होताच तुकडे धाडणे थांबवणारी एक सोय आज्ञावलीत होती. पाण्याची टाकी भरताच नळ बंद करणाऱ्या तरंगत्या चेंडूसारखीच ती सोय! २००५ मध्ये ही सोय आज्ञावलीत दुसऱ्या जागी हलवण्यात आली. त्यामुळे जुन्या भागाचा त्या चेंडूशी असलेला संबंध तुटला. त्या भागाची पुन्हा चाचणी घेतली असती, तर हे लगेच कळले असते. पण बंद असलेल्या भागाची चाचणी कोण घेणार?

२०१२ मध्ये नवा भाग लिहिताना तो सुरू करण्यासाठी एक खूण हवी होती. खूण म्हणजे मागणीसोबत जाणारा हो किंवा नाही असा इशारा. पूर्वी जी खूण जुना भाग सुरू करीत असे, तीच नव्या भागासाठी वापरण्यात आली.

शेवटी, नवी आज्ञावली सात सर्व्हरांवर चढवली गेली. आठव्यावर चढवायची राहून गेली. हे काम दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियम नव्हता, आणि ते तपासले गेलेही नाही.

आता हे चार धागे जोडून पाहा. सकाळी खूण असलेल्या मागण्या आल्या. सात सर्व्हरांनी नव्या सूचनांप्रमाणे काम केले. आठव्याला त्या खुणेचा जुनाच अर्थ ठाऊक होता. त्याने नऊ वर्षे निजलेला भाग जागा केला. नळ सुरू झाला, पण चेंडू जोडलेला नव्हता. आठवा सर्व्हर तुकडे धाडतच राहिला.

मग आठवा संगणक चुकला काय? नाही. त्याने दिलेल्या आज्ञा तंतोतंत पाळल्या. चारही ठिकाणी उणे पडली ती माणसांची दक्षता.

घंटा वाजत होती

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बाजार उघडण्यापूर्वीच, आठ वाजल्यापासून, संगणक यंत्रणेने आपणहून ९७ ई-मेल संदेश कर्मचाऱ्यांना पाठवले होते. त्यांत पॉवर पेगचा उल्लेखही होता. परंतु हे संदेश धोक्याची सूचना म्हणून योजलेले नव्हते आणि ते आल्याबरोबर वाचण्याची रीतही नव्हती. हाती जवळजवळ दीड तास होता, तो वाया गेला.

पूर सुरू झाल्यावर सगळी यंत्रणा तत्काळ थांबवण्याची ठरलेली कृती कोणापाशी नव्हती. चालू बाजारातच दुरुस्तीचे प्रयत्न झाले. दोष नव्या भागात असावा, असे समजून तो सात सर्व्हरांवरून काढून टाकण्यात आला. परिणामी त्या सातांवरही जुना भाग जागा झाला! रोगाचे निदान होण्यापूर्वी दिलेल्या औषधाने रोग वाढावा, तसे झाले.

नियामक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. त्यापूर्वीच, त्याच वर्षी, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

चांगल्या कारागिराच्या सवयी

या घटनेतून आज्ञावली लिहिणाऱ्याने अंगी बाणवायच्या सवयी सहज निघतात.

१. जे वापरात नाही ते काढून टाकावे. निरुपयोगी भाग निरुपद्रवी असतोच असे नाही.

२. बदल कितीही लहान असो, त्यानंतर आज्ञावलीची पुन्हा चाचणी घ्यावी. बदललेला भाग तपासून भागत नाही. त्यावर अवलंबून असलेले भागही तपासावे लागतात.

३. एका खुणेला एकच अर्थ असावा. नव्या कामाला नवी खूण द्यावी.

४. एकाने केलेले काम दुसऱ्याने पाहावे. यात अविश्वास नाही. स्वतःच्या निबंधातील चूक स्वतःला दिसत नाही, ती शेजाऱ्याला चटकन दिसते, याचा अनुभव तुम्हालाही असेल.

५. इशारा असा द्यावा की तो दुर्लक्षिता येऊ नये. आणि तो कोणी पाहायचा, हे आधी ठरवावे.

६. बिघाड होताच प्रथम थांबवावे, मग शोधावे. प्रयोगशाळेत तार तापू लागली की आपण आधी कळ काढतो. ओहमचा नियम नंतर आठवतो.

हे सगळे लिहून कशाला ठेवायचे, अनुभवी माणसांना एवढे कळत नाही काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर गणितात आहे. आयबीएम कंपनीत एका अवाढव्य आज्ञावलीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात ते मांडले. एका कामावर न माणसे असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल, तर जोड्या होतात न(न−१)/२. चार माणसांच्या जोड्या ६. पन्नास माणसांच्या १२२५. माणसे साडेबारा पट वाढली, पण जोड्या दोनशे पटींहून अधिक! इतक्या जोड्यांमध्ये तोंडी निरोप कोठे तरी अडणारच. त्यातच २००५ मध्ये बदल करणारा माणूस २०१२ मध्ये त्याच जागी असेल असेही नाही. त्याच्या मागे बोलतो तो फक्त लिहून ठेवलेला कागद.

करून पाहा

वर्गात आठ विद्यार्थी उभे करा. सर्वांना सांगा, ‘लाल पुठ्ठा दाखवला की एकापासून मोठ्याने मोजू लागा.’ मग त्यांतील सात जणांना बाजूला नेऊन सांगा, ‘आता लाल पुठ्ठा म्हणजे खाली बसा.’ आठव्याला काही सांगू नका. पुठ्ठा दाखवा आणि काय होते ते पाहा. नंतर पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा.

१. आठव्या विद्यार्थ्याची चूक होती काय?

२. ‘कोठपर्यंत मोजायचे’ हे सांगितले असते तर काय फरक पडला असता?

३. ही गफलत टाळण्यासाठी वरीलपैकी कोणत्या सवयी उपयोगी पडल्या असत्या?

४. तुमच्या वर्गात ३० विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाने प्रत्येकाला नवा नियम समजला की नाही हे विचारायचे झाल्यास किती जोड्या होतील? तोच नियम फळ्यावर लिहिला तर?