भेग कशाने बुजवावी?

भिंत जुनी झाली की तिला भेगा पडतात. भेगेतून पावसाचे पाणी आत शिरते. विंचू-काटा तिथे घर करतो. म्हणून पावसाळ्याआधी भेगा बुजवाव्यात. पण कशाने?

कोणी म्हणतो, "आणा सिमेंटची गोणी आन् टाका लिंपून!" मातीच्या भिंतीला हे चालत नाही. माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते. सिमेंट कडक. ते मातीबरोबर हलत नाही. मग दोघांत फट पडते. फटीत पाणी जाते आणि तिथेच मुरते. वरून भिंत छान दिसते, आत चिखल होतो.

नियम सोपा आहे : जशी भिंत, तसा भराव.

मातीची भिंत : चाळलेली माती घ्या. त्यात बारीक तोडलेला पेंढा किंवा भुसा घाला. पाण्यात दोन-चार दिवस भिजू द्या. मग पायाने तुडवा. आधी एक लहान वडी थापून वाळवा. वडी तडकली तर वाळू व भुसा वाढवा. नुसती काळी माती नको. ती वाळली की फाटते.

चुन्याची भिंत : विरलेला चुना १ वाटा, वाळू ३ वाटे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. त्याने डोळा जळतो.

सिमेंटचा गिलावा : सिमेंट १ घमेले, वाळू ४ घमेली. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. मग ७ दिवस पाणी मारा.

आता काम कसे करावे? भेग खरवडून मोकळी करा. धूळ झाडा. पाणी शिंपडा. भराव आतपर्यंत दाबून बसवा. खोल भेग एकदम भरू नका. एक थर सुकला की दुसरा द्या.

पण थांबा! आधी भेगेवर कागदाची पट्टी चिकटवा. तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येते! महिनाभर पाहा. पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे. भेग आरपार असेल किंवा भिंतीला पोट आले असेल, तर नुसती लिंपू नका. तिच्याजवळ झोपू नका. जाणत्या गवंड्याला बोलवा.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद कोसळले. हजारो माणसे झोपेतच गेली. वरून लिंपल्याने भिंत मजबूत होत नाही. लिंपण भेग झाकते. झाकण्याआधी भेग काय सांगते, ते वाचा.

सांगा पाहू :
१. मातीच्या भिंतीला सिमेंट का लावू नये?
२. कागदाची पट्टी फाटली तर काय समजावे?
३. तुमच्या घराची भिंत कशाची आहे? तिला कोणता भराव लागेल?