आठ टक्क्यांची हमी

‘२०२० मध्ये विकायला नको होतं, आता दुबईचे भाव बघा,’ असं मला प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी ऐकवतंच. बघतो मी भाव. पण तेव्हा भाडेकरू नसलेल्या घराचा मेंटेनन्स पुण्यात बसून मी भरत होतो, सांगणारे नाही.

२०१६ मध्ये पुण्यातल्या एका हॉटेलात प्रदर्शन होतं. जुमेरा व्हिलेज सर्कलमधला ४०० चौरस फुटांचा तयार स्टुडिओ, साडेपाच लाख दिरहम, दोन वर्षं ८ टक्के भाड्याची लेखी हमी. एजंट मराठी मुलगा. काका-काका करत घरी आला, हिच्या हातचे पोहे खाऊन गेला. दोन वर्षं पैसे अगदी वेळेवर आले. तोऱ्यात मी दोघा मेहुण्यांनाही सल्ला दिला. त्यांनी ऐकला नाही, ते वाचले.

हमी संपताना मी दुबईला गेलो. कुलूप उघडलं, तर फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक तसंच. गादीवरचंही. त्या घरात दोन वर्षांत कुणी राहिलंच नव्हतं! मग मला भाडं कोण देत होतं? उत्तर शेजारच्या इमारतीत मिळालं. तसाच स्टुडिओ, त्याच वर्षी, हमीशिवाय ४ लाख ६० हजारांना विकला गेला होता. मी ९० हजार जास्त मोजले आणि दोन वर्षांत ८८ हजार ‘भाडं’ घेतलं. माझेच पैसे हप्त्याने परत, वर दोन हजार त्यांना बक्षीस. एजंटला फोन केला. ‘काका, मार्केट स्लो आहे.’ त्यानंतर नुसत्या निळ्या टिका.

२०१९ चा हिशोब मांडतो, कारण तो प्रदर्शनात कुणी मांडत नाही. करार ३३ हजारांचा, पण दोन महिने घर रिकामं, म्हणजे साडेसत्तावीस. सर्व्हिस चार्ज फुटाला १६ दिरहम, म्हणजे ६,४००. देखभाल कंपनीचे १,६५०. हातात १९,४५०. खरेदीवेळी ४ टक्के नोंदणी शुल्क भरलं होतं, ते धरून साडेतीन टक्केही नाही. तिकडे भाड्यावर आयकर नाही हे खरं. पण मी राहतो भारतात, इथे तो लागतोच. घरभाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुमचा सर्व्हिस चार्ज कितीही असो. कर जाऊन उरले अडीच टक्क्यांच्या आत. बँकेतली ठेव बरी.

तेव्हा हमी ऐकली की आधी विचारा, हमी नसेल तर किंमत किती? शेजारच्या इमारतीतले चालू करार बघा; तिथे भाड्याची ‘इजारी’ नोंदणी होते, तिचा कागद मागा. सर्व्हिस चार्ज लेखी घ्या. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा, नाहीतर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. हल्ली वर्षाला १० लाखांवर पैसे पाठवले की बँक २० टक्के टीसीएस कापते. तो करात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. सगळे पैसे एका ठिकाणी घालू नका, वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि घर स्वतः जाऊन बघा. गेल्या दिवाळीला त्याच एजंटचा मेसेज आला : ‘काका, नवीन प्रोजेक्ट, नऊ टक्के हमी.’ निळ्या टिका आता त्याला दिसतात.