अंदमानला निघालीस ना, मग हे ऐक

अंदमानची तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता बॅग भरायला घेतली असशील. तर बॅगेतल्या सनस्क्रीनबद्दल जरा बोलायचंय तुझ्याशी. लावू नकोस असं मी म्हणणार नाही, तिथलं ऊन कडक असतं. पण त्याआधी लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घे.

का ते सांगते. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर तुला मास्क आणि नळी देतील, हवेच्या ट्यूबला धरून गाइड ओढत नेईल. तोंड पाण्यात आणि पाठ थेट उन्हाकडे! खालचे मासे बघण्यात भान राहत नाही आणि भाजते नेमकी पाठ, मान, कानांच्या पाळ्या, गुडघ्यामागची लवण, पोटऱ्या. म्हणून सगळे उतरण्याआधी भरपूर क्रीम थापतात आणि पाण्यात गेल्यागेल्या त्यातलं कितीतरी सुटतं. पाठ आणि पाय कापडाने झाकलेस की क्रीम लागतं फक्त चेहरा, मान, कान आणि हातापायांच्या पंजांना. काम भागतं, आणि पाण्यात जातंही अगदी थोडं.

तू ज्याच्यावरून तरंगत जाणार आहेस ते प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो इवल्या इवल्या जिवांचा संसार आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, प्रवाळाला खाऊ घालतं, रंगही बराचसा त्याचाच. समुद्र तापला की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. 2010 साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. प्रवाळाचा मोठा शत्रू ही उष्णताच आहे, सनस्क्रीन नव्हे, हे तुला खरं खरं सांगायलाच हवं.

तरीही मी आग्रह धरतेय, कारण 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी एक गोष्ट दाखवली. सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन आपल्या त्वचेवर ऊन अडवतं. तेच समुद्रफुलाच्या (म्हणजे सी अ‍ॅनिमोनच्या) आणि प्रवाळाच्या शरीरात गेलं की त्याला साखरेचा रेणू चिकटतो आणि मग ते उन्हात विषारी होतं. अंगात शेवाळ असेल तर बरंचसं विष ते स्वतःत साठवून घेतं. ज्यांच्या अंगात शेवाळ नव्हतं, ती समुद्रफुलं लवकर मेली. म्हणजे उष्णतेने आधीच पांढरं पडलेलं प्रवाळच यात जास्त भरडलं जाण्याची भीती. समुद्र थंड करणं तुझ्यामाझ्या हातात नाही गं, पण आपल्या अंगावरचं क्रीम तर आहे!

तेव्हा बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाच. ऑक्सिबेन्झोन किंवा बेन्झोफिनोन-3, ऑक्टिनोक्सेट किंवा इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट दिसलं तर ती घरीच ठेव. पलाऊ या देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून या दोन्ही रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री बंद केली आहे. पुढे ‘रीफ सेफ’ लिहिलंय म्हणून भुलू नकोस, त्या शब्दांना अमेरिकेतसुद्धा कायद्याची व्याख्या नाही. नॉन-नॅनो झिंक ऑक्साइडचं घे. तेही अगदी निर्धोक आहे असं नाही, म्हणून तर आधी कापड. चेहरा पांढरट दिसेल, फोटोतही दिसेल. दिसू दे. स्प्रे मात्र नको, बराचसा वाऱ्यावर उडून वाळूत जातो.

आणि पाण्यात घाबरलीस तरी खाली पाय टेकू नकोस, गाइडचा हात धर. एका पावलाने मोडलेलं प्रवाळ भरून यायला वर्षं जातात.

तुझ्याबरोबर येतोय त्यालाही हे सगळं सांग हं. पुरुष मंडळी सरळ उघड्या पाठीने उतरतात. टी-शर्ट दोघांसाठी मागव, आणि आजच मागव, म्हणजे माप चुकलं तर बदलून घेता येईल.