बाळाचे कान आणि साडेतीन वर्षांचा हिशेब

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी काळजी एखाद्या आईने बोलून दाखवली की घरातली मोठी माणसे म्हणतात, "अगं, याचा बापही उशिराच बोलला. बोलेल हळूहळू." कधी कधी ते खरेही ठरते. पण काही मुले बोलत नाहीत, कारण त्यांना ऐकूच येत नाही. अशा मुलाच्या बाबतीत 'हळूहळू' फार महाग पडते. किती महाग, हे ज्यांनी मोजून दाखवले त्या संशोधिकेच्या कामाची ओळख आम्ही या पानावर करून देत आहोत.

त्यांचे नाव अनू शर्मा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे गाव आहे, तिथल्या विद्यापीठात त्या प्राध्यापिका आहेत. त्या ऑडिओलॉजिस्ट आहेत. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाचा आजार बघतात, शस्त्रक्रिया करतात. ऑडिओलॉजिस्ट ऐकू किती येते ते मोजतो, मशीन बसवतो, ते जुळवून देतो. शर्मांनी या मोजण्याच्या कामात एक पाऊल पुढे टाकले. कानापर्यंत आवाज पोहोचतो का, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कानातून गेलेल्या आवाजाचे मेंदू काय करतो, हे त्यांनी विचारले.

आधी कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कर्णावर्त म्हणतात. त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि नसेमार्फत मेंदूला निरोप जातो. जन्मतः पूर्ण कर्णबधिर असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये याच पेशी निकामी असतात, नस मात्र चांगली असते. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते. पण ऐकणाऱ्या पेशीच नसतील तर मोठा आवाज तरी घेणार कोण? इम्प्लांटमध्ये बारीक तारेसारखा भाग शस्त्रक्रियेने थेट कर्णावर्तात सरकवतात. कानामागे बाहेरून लावलेले यंत्र आवाज पकडते, डोक्यावर लोहचुंबकाने चिकटलेल्या चकतीतून तो आत पाठवते आणि आतली तार नसेला विजेचे सूक्ष्म झटके देते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९७८ साली डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी अनेक तारा असलेले असे यंत्र एका मोठ्या माणसाला बसवले. पुढे ते लहान मुलांनाही बसवू लागले.

मग एक कोडे पुढे आले. यंत्र तेच, शस्त्रक्रिया तीच. पण काही मुले ऐकून बोलायला शिकत आणि काहींना आवाज आल्याचे कळे, शब्द कळत नसत. असे का?

शर्मांची तपासणी दिसायला अगदी साधी. मुलाच्या डोक्यावर तारा चिकटवायच्या, त्याला आवाज बंद केलेला सिनेमा बघत बसवायचे आणि स्पीकरमधून "बा, बा" असा उच्चार ऐकवत राहायचे. दुखत नाही, टोचत नाही, मुलाला काही सांगावेही लागत नाही. उच्चार कानावर पडल्यावर मेंदूत एक लहर उठते. ती किती वेळाने उठली हे यंत्र टिपते. नवजात बाळाच्या मेंदूला यासाठी सेकंदाचे सुमारे ३०० हजारांश भाग लागतात. ऐकू येणारे मूल तीन वर्षांचे होईतो हा वेळ १२५ च्या आसपास येतो, मोठ्या माणसात ६० च्या आसपास. म्हणजे ऐकून ऐकून मेंदूची वाट रुळते. नुसत्या या आकड्यावरून मेंदूचे 'ऐकण्याचे वय' सांगता येते.

२००२ साली शर्मा टेक्सास राज्यातील डॅलस येथे काम करत होत्या. त्या वर्षी त्यांनी मायकेल डॉर्मन आणि अँथनी स्पार या सहकाऱ्यांबरोबर जन्मतः कर्णबधिर असलेल्या १०४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला सव्वा वर्षाचे असताना इम्प्लांट बसले होते, कोणाला सतरा वर्षांनी. ज्यांना साधारण साडेतीन वर्षांच्या आत बसले, त्यांच्या मेंदूची लहर यंत्र सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत वयाच्या बरोबरीला आली. ज्यांना सात वर्षांनंतर बसले, त्यांची लहर मागेच राहिली. मधल्या वयात काहींना जमले, काहींना नाही.

सात वर्षांनंतर असे का होते, याचे उत्तरही त्यांच्या पुढच्या कामातून मिळाले. वस्तीत एखादी खोली बरेच दिवस रिकामी पडली तर काय होते, हे आपण जाणतो. शेजारच्याचे सामान हळूच आत येते आणि मग खोली मोकळी करणे अवघड जाते. मेंदूचेही तसेच. ऐकण्यासाठी असलेल्या जागेला आवाज मिळाला नाही, तर बघण्याचे आणि स्पर्शाचे काम त्या जागेत शिरते. मेंदू आपली जागा वाया घालवत नाही, यात त्याचा दोष काहीच नाही. पण पुढे यंत्र बसवल्यावर आवाजाला राहायला जागा कमी पडते.

या संशोधनाचा दवाखान्यातला उपयोगही मोठा आहे. तीन-चार महिन्यांच्या बाळाला "ऐकू येतं का?" असे विचारून भागत नाही. श्रवणयंत्र लावल्यावर काही महिन्यांत मेंदूची लहर सुधारत असेल तर यंत्र पुरेसे आहे. सुधारत नसेल तर इम्प्लांटचा विचार लवकर करावा, असे सांगण्याला आधार मिळाला. प्रत्येक कर्णबधिर मुलाला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही यातूनच स्पष्ट होते. कोणी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसरीकडे विचारून घ्यावे.

बोल्डरच्याच विद्यापीठातील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासाचा उल्लेख आम्हांला इथे मुद्दाम करावासा वाटतो. १९९८ साली त्यांनी १५० कर्णबधिर मुलांची भाषा तपासली. ७२ मुलांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळले होते, ७८ मुलांचे त्यानंतर. लवकर कळलेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. घर गरीब असो की श्रीमंत, कुटुंब अल्पसंख्य समाजातले असो की नसो, बहिरेपण थोडे असो की पूर्ण, फरक तसाच दिसला. मूल बोलून शिकत होते की हाताच्या खुणांच्या भाषेत, यानेही तो बदलला नाही. खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे. ती शिकवली म्हणून मूल बोलायचे राहते, ही समजूत सोडून द्यावी. लहानपणी कोणतीच भाषा न मिळणे, हे खरे नुकसान.

आता आपल्याकडचे. बाळ जन्मले की महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा हिशेब जगभर धरतात. पहिल्या तपासणीला ओएई म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा ही तपासणी करतात. प्रसूती झालेल्या रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच "कानाची तपासणी झाली का?" असे विचारावे. बाळ काचेच्या पेटीत ठेवले होते, कावीळ जास्त झाली होती, गरोदरपणात आईला रुबेला झाला होता, मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले आहे, घरात आधी कोणी कर्णबधिर आहे, अशा वेळी तर तपासणी चुकवूच नये. बाळाला मेंदूज्वर होऊन गेला असेल तर अधिकच घाई करावी, कारण त्यानंतर कर्णावर्तात हाड धरू शकते आणि तार आत जाणे कठीण होते.

घरी ताट वाजवून बघण्यावर विसंबू नका. ताटाचा दणका जमिनीतून जाणवतो, हात हललेला दिसतो, आणि मूल वळून बघते. घरच्यांना वाटते, ऐकू येते.

इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो हे खरे. पण केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना ते मोफत मिळते आणि त्याचे काम मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. योजनेत वयाची अट असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांची धावपळ निदान होताच सुरू करावी. कागद गोळा करता करता वय निघून जाणे, यासारखे वाईट काही नाही.

शस्त्रक्रियेआधी आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. बॅटरी, वायर आणि बाहेरचे यंत्र बिघडले तर खर्च कोणाचा? आणि बोलण्याची थेरपी कुठे, आठवड्यातून किती वेळा? यंत्र बसले की मूल दुसऱ्या दिवशी बोलत नाही. त्याचे ऐकण्याचे वय त्या दिवशी शून्य असते. आईबापांनी, आजीने, भावंडांनी रोज त्याच्याशी बोलत राहावे लागते. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, भांडी घासताना. पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मजात बहिरेपण त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे आणि शंका असलेल्या मुलाला ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात. पथक कधी येणार, हे अंगणवाडी सेविकाताईंना आधीच विचारून ठेवावे आणि त्या दिवशी मूल मामाच्या गावी असणार नाही, एवढे पाहावे.