‘राऊ’ वाचताना : अनुभवाचे बोल

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली आली. नेरूळहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी ती पुन्हा पुन्हा वाचत आले आहे. आमच्या सोसायटीच्या वाचनगटातही तिच्यावरून चांगलीच खडाजंगी झाली आहे. बाजीराव पेशवे आणि मस्तानी यांची ही कहाणी मला मनापासून आवडते. तिच्या वाचनातून आणि वादांतून जे उमगलं, ते इथे मांडते.

१. शेवट ठाऊक असणं ही अडचण नाही.
बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला निवर्तले. मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिची कबर पाबळला आहे. म्हणजे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता पहिल्या पानाआधीच संपलेली. उरतो तो ‘हे का झालं’ हा प्रश्न, आणि तोच वाचकाला शेवटपर्यंत ओढून नेतो. पालखेडला निजामाची कोंडी करणारा, बुंदेलखंडात छत्रसालांच्या मदतीला धावून जाणारा सेनानी स्वतःच्या घरात हतबल का व्हावा? इनामदारांनी रणांगणापेक्षा वाड्यातल्या कोंडमाऱ्याला जास्त जागा दिली, ती मला याचसाठी योग्य वाटते.

२. कागद कुणाच्या हातचे आहेत, ते आधी पाहावं.
गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३०च्या दशकात पंचेचाळीस खंडांत छापून निघाले. मस्तानीबद्दल आपल्याला जे कळतं, ते बहुतेक घरच्यांच्या आणि कारभाऱ्यांच्या पत्रव्यवहारातून. ही सगळी तिच्याविषयी बोलणारी माणसं. तिचं स्वतःचं म्हणणं त्यात मिळत नाही. पुराव्याअभावी इतिहासकाराला इथे थांबावंच लागतं. कादंबरीकार मात्र पुढे जाऊ शकतो. जिला कागदांनी बोलू दिलं नाही, तिला माणूस म्हणून उभं करणं, हीच माझ्या लेखी ऐतिहासिक प्रेमकादंबरीची खरी कसोटी. ‘राऊ’ या कसोटीला उतरते.

३. खलपुरुष शोधण्याची घाई करू नये.
बेलापूरच्या किल्ले गावठाणात जुन्या किल्ल्याचे थोडे अवशेष उरले आहेत. पोर्तुगीजांकडून हा किल्ला मराठ्यांकडे आला तो बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांच्याच काळात. मे १७३९मध्ये अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडीत निघाली. आपल्या या ठाणे-वसई पट्ट्याने त्यांचं ऋण मानावं, असा हा माणूस. आणि वसईनंतर वर्षाच्या आतच पुण्यात मस्तानीला नजरकैदेत ठेवलं गेलं, त्यातही त्यांचा हात होता. घरात रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचं लग्न ठरलेलं, मस्तानीमुळे भिक्षुक अडून बसलेले. भाऊ की घराणं, या पेचात अप्पा सापडले. बाजीरावांच्या मागोमाग त्याच वर्षी डिसेंबरात तेही गेले. त्यांना दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण जिव्हाळ्याची माणसंच एखाद्याचं सुख कसं हिरावून घेतात, हे समजून घ्यायचं तर अप्पांच्या जागी उभं राहूनही वाचायला हवं. अन्याय झालाच; तो आपल्या माणसांनी केला, म्हणून अधिक बोचतो.

४. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांच्या बाजूने एकदा तरी वाचावं.
आमच्या गटात यावरूनच सर्वांत जास्त जुंपली. तरुण मुली मस्तानीच्या बाजूने हिरिरीने बोलत होत्या. तेव्हा एक काकू म्हणाल्या, “सवत आली ती आली, पण सणवार, पै-पाहुणा, हळदीकुंकू सगळं हसतमुखाने हिलाच निभवायचं होतं ना!” क्षणभर कुणालाच उत्तर सुचलं नाही. चासकर जोशांच्या घरची ही लेक बाजीरावांमागे अठरा वर्षं जगली. या प्रेमाची किंमत तिनेही मोजली. तिचं दुःख पाहिलं म्हणून मस्तानीवरचा अन्याय कमी होत नाही. दोन्ही मनात ठेवता आली तरच कादंबरी पुरती हाती लागते.

५. ‘स्वामी’ शेजारी ठेवून पाहावी.
रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची, ‘राऊ’च्या दहा वर्षं आधीची. तिच्यातलं माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचं प्रेम समाजाने डोक्यावर घेतलं, कारण ते सप्तपदीच्या आतलं होतं. बाजीराव-मस्तानीच्या प्रेमाला जात आणि धर्म आडवे आले. मराठी घरांनी दोन्ही कादंबऱ्यांना जीव लावला. पण वाचकाकडे धाडस मागते ती ‘राऊ’. आजही मुलामुलीने वेगळ्या धर्मात लग्न ठरवलं की घराघरात जे घडतं, ते आठवून बघा.

६. सिनेमा आधी पाहिला असला तरी पुस्तक चुकवू नये.
भन्साळींचा २०१५चा चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला. काशीबाई-मस्तानीला ‘पिंगा’वर एकत्र नाचवलं, म्हणून तेव्हा मोठा वाद झाला. तरी त्या निमित्ताने नवे वाचक पुस्तकाकडे वळले, याचा मला आनंदच आहे. पडद्यावरचं वैभव डोळे दिपवतं. चार भिंतींतली घुसमट समजायला मात्र पानंच उलटावी लागतात.

७. पुस्तक मिटल्यावर शमशेर बहादूरचा माग काढावा.
बाजीराव-मस्तानीच्या या मुलाची मुंज होऊ दिली नाही. तोच मुलगा १७६१मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमी होऊन भरतपूरकडे मरण पावला, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना. त्याचा मुलगा अलीबहादूर पुढे बांद्याचा नवाब झाला. शनिवारवाड्याचा मस्तानी दरवाजा अलीबहादूर दरवाजा म्हणूनही ओळखला जातो. ज्या घराने आईला आत घेतलं नाही, त्या घरासाठी मुलाने प्राण दिले. एवढं कळल्यावर मस्तानीला परकी म्हणायला जीभ रेटत नाही. वाचकाला इथवर आणून सोडते, म्हणून ‘राऊ’ मी मोठी कादंबरी मानते आणि प्रत्येक नव्या वाचकाच्या हाती ती आग्रहाने ठेवते.