सोनिकच्या रिंगा आणि लोणावळ्याचा सीझन



सीझनल धंद्याच्या व्हिडिओत मी एका जुन्या गेमचं उदाहरण दिलं आणि वेळ कमी म्हणून पुढे गेलो. ते उदाहरण नीट उलगडण्यासाठी हा लेख. मावळात, म्हणजे वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा, पवना या पट्ट्यात ज्यांना पावसाळ्याच्या गर्दीवर धंदा उभा करायचाय, त्यांनी वही-पेन घेऊन बसा. मध्ये हिशेब आहे.

गेमचं नाव ‘सोनिक द हेजहॉग’. सेगा या जपानी कंपनीने तो १९९१ मध्ये आणला. हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे बरं का. हा त्याहून बराच लहान प्राणी, अंगावर काटे, आणि घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. गेम साधा आहे. पडदा बाजूला सरकत राहतो, निळा हिरो पळतो, उड्या मारतो, वाटेत सोन्याच्या रिंगा गोळा करतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जी कॅसेटवाली मशिनं आली त्यात हा गेम सहसा नसायचा. तिथे मारिओ आणि काँट्रा. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’ आणि आत फिरून फिरून तेच मोजके गेम. आजही भजीच्या टपरीवर साठ पदार्थांचा बोर्ड दिसतो आणि विचारलं की ‘ते आज नाही’ असं ऐकू येतं, तेव्हा मला ती कॅसेट आठवते.

सोनिकचं उलट होतं. सुरुवातीला सेगाच्या टीमने ससा हिरो धरला होता. लांब कानांनी वस्तू उचलायच्या आणि शत्रूवर फेकायच्या अशी कल्पना. पण उचलायला थांबलं की वेग तुटायचा, आणि वेग हाच तर त्यांचा माल होता. ससा गेला. त्याजागी आला अंगाचा गोळा करून धडकणारा प्राणी, म्हणजे हल्ल्यासाठी वेगळं काही करायलाच नको. मशिनच्या कंट्रोलरला तीन बटणं होती. सोनिकमध्ये तिन्ही बटणांचं काम एकच, उडी. चित्रकार नाओतो ओशिमा यांनी आपली रेखाटनं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात नेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवली, कोणता प्राणी आवडतो ते विचारलं. त्यात एक मिशीवाला म्हाताराही होता, तो पुढे गेममधला खलनायक झाला! पार्कात उभं राहून दहा अनोळखी माणसांना विचारायला पैसे लागत नाहीत. शनिवारी सकाळी लोणावळा स्टेशनबाहेर उभे राहा आणि विचारा.

आता किमतीचा भाग, कारण यावरून लोक चुकीचा धडा घेतात. सेगाचं अमेरिकेतलं काम तेव्हा टॉम कलिन्स्की बघत होते. त्यांनी सुचवलं की मशिनची किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आणू, आणि सोबत फुकट मिळणारा जुना गेम काढून सोनिक देऊ. म्हणजे सगळ्यात चांगला माल फुकट! जपानमधल्या वरिष्ठांना हे पटलं नव्हतं, पण अध्यक्ष हायाओ नाकायामांनी परवानगी दिली. डाव चालला आणि निन्टेंडोसारखी बलाढ्य कंपनी हादरली.

पण थांबा. हे ऐकून ‘आपणही रेट पाडू’ म्हणू नका. सेगाला माहीत होतं की मशिन घरात गेलं की माणूस पुढे गेम विकत घेत राहणार. कमाई तिथे. तुमच्याकडे अशी दुसरी विक्री आहे का? पवनेकाठी तंबूचं भाडं कमी ठेवून जेवण, नाश्ता, शेकोटी यावर कमावणारा माणूस हेच करतो, आणि बरोबर करतो. नुसतं कणीस विकणाऱ्याने शेजाऱ्यापेक्षा दहा रुपये कमी लावले तर त्याला परत काय मिळणार? गिऱ्हाईक तर मुंबईला निघून गेलं.

आता येऊ रिंगांकडे, खरा विषय हाच.

सोनिकमध्ये नियम असा: खिशात एक जरी रिंग असेल आणि शत्रूचा धक्का लागला, तर जीव जात नाही. रिंगा सांडतात, चौफेर उडतात. काही सेकंद त्या जमिनीवर उसळत असतात, तेवढ्यात जमतील तेवढ्या परत वेचायच्या. पण खिशात शून्य असताना तोच धक्का लागला की खेळ खलास. धक्का तोच, शत्रू तोच. फरक फक्त खिशात काय होतं याचा.

मावळातला धक्का कसा असतो ते आठवा. २०२० चा पावसाळा लॉकडाऊनमध्ये गेला. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. फार वाईट घटना. त्यानंतर पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले, भुशी परिसरातल्या टपऱ्यांवर कारवाई झाली. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, तेव्हाही तेच. बंदी चूक की बरोबर हा आपला विषय नाही; जीव वाचत असतील तर बंदी हवीच. पण जुलैतले तीन शनिवार-रविवार बंद राहणार हे धरून ज्याने हिशेब केला नाही, त्याच्या खिशात शून्य रिंगा आहेत.

हिशेब करून बघू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

चहा-भजी-कणसाचा स्टॉल. जून मध्य ते सप्टेंबर मध्य, तेरा आठवडे. मालाचा खर्च वजा जाता शनिवार-रविवारी रोज ५,००० सुटतात, इतर पाच दिवशी रोज ६००. आठवड्याचे झाले १३,०००. तेरा आठवड्यांचे १,६९,०००. भारी वाटतं ना?

आता महिन्याचा ठरलेला खर्च: जागा ५,०००, गाडीचा हप्ता ४,०००, लाईट वगैरे १,०००, घरखर्च १४,०००. एकूण २४,०००. सीझनमध्ये मदतनीस ९,०००, म्हणजे ३३,०००. तीन महिन्यांचे ९९,००० गेले. हातात उरले ७०,०००.

उरलेले नऊ महिने स्टॉल महिन्याला समजा ८,००० देतो. खर्च २४,०००. दर महिन्याला १६,००० चा खड्डा. ७०,००० किती पुरतील? सव्वाचार महिन्यांच्या थोडं पुढे. म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पैसे संपले! पुढचा पाऊस यायला साडेचार महिने बाकी. आणि त्याच वर्षी तीन आठवडे बंदी आली असती तर ३९,००० कमी, उरले ३१,०००. नोव्हेंबर मध्यापर्यंत खलास.

म्हणूनच बरेच जण जूनमध्ये माल भरायला व्याजाने पैसे काढतात. गेममध्येही प्रत्येक लेव्हल सुरू होताना रिंगांची मोजणी शून्यावर येते, पण तो गेमचा नियम आहे. तुमच्या बँक खात्याला असा कुठलाही नियम नाही.

पहिल्या सोनिकमध्ये एक गंमत आहे, जुने खेळाडू अजून तिच्यावर चिडतात. शत्रूचा धक्का लागला की काही क्षण दुसरा धक्का लागत नाही, सावरायला वेळ मिळतो. पण जमिनीतले खिळे ही सवलत मानत नाहीत. रिंगा सांडलेल्या, तुम्ही सावरताय, आणि खिळा लागला की मेलात. धंद्यातले खिळे म्हणजे हप्ता आणि भाडं. बंदी असो, पाऊस नसो, तारीख आली की टोचणार. म्हणून माझा आग्रह: पहिल्या सीझनला हप्त्यावर गाडी नको. वरच्या हिशेबातून फक्त हप्ता काढून बघा. वर्षाला ४८,००० वाचतात.

आणि खड्डा? खड्ड्यात पडलात तर खिशात शंभर रिंगा असोत, जीव जातोच. नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा कागद नसलेली जागा, खाद्यपदार्थांची नोंदणी नसणं, धरणाच्या किंवा रेल्वेच्या जमिनीवरची टपरी, हे सगळे खड्डे. तिथे बचत कामाला येत नाही.

मग नऊ महिने काय करायचं? मावळ रिकामा नसतो, आपणच शटर लावतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात निघतो. इंद्रायणी तांदूळ तर वडगाव मावळच्याच कृषी संशोधन केंद्राची देणगी. शनिवार-रविवारी बंगल्यावर येणाऱ्या पुणे-मुंबईच्या कुटुंबांना पाच किलोची स्वच्छ, नाव-पत्ता छापलेली पिशवी हवी असते. पावसाळ्यात भजी खाणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहून घेतला असेल तर नोव्हेंबरात एक मेसेज पुरतो. थंडीत लोहगड, भाजे, कार्ल्याला शाळांच्या सहली येतात, पवनेकाठी तंबू लागतात. नवरात्रात आणि चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला कोळी बांधव आणि इतर भाविक मोठ्या संख्येने येतात. चैत्राची यात्रा येते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पैसे संपलेल्या त्या दिवसांतच. महिन्याला ८,००० चे १४,००० केले तर खड्डा १६,००० वरून १०,००० वर येतो. हप्ताही नसेल तर ६,०००. नऊ महिन्यांचे ५४,०००. सीझनअखेर हातात असतील ८२,०००, कारण त्या तीन महिन्यांचे हप्त्याचे १२,०००ही वाचलेत. बंदीचे ३९,००० गेले तरी ४३,००० राहतात, म्हणजे सात महिन्यांची सोय. एप्रिल मध्यापर्यंत पोचलात की!

सेगाचं पुढे काय झालं, हा प्रश्न येतोच. २००१ मध्ये त्यांनी मशिन बनवणं बंद केलं. त्यानंतर सोनिक ज्यांच्याशी लढला त्या निन्टेंडोच्याच मशिनवर धावू लागला, आजही धावतोय. दुकान गेलं, पण माल लोकांना हवा होता. टपरीची जागा गेली तर तुमची कोणती वस्तू दुसऱ्याच्या काउंटरवर विकली जाईल, याचाही विचार करून ठेवा.

आता घरचा अभ्यास. वहीच्या एका पानावर चार आकडे लिहा: सीझनचा एका आठवड्याचा निव्वळ गल्ला, महिन्याचा ठरलेला खर्च, ऑफ-सीझनची महिन्याची कमाई, आणि त्यातले ‘खिळे’ किती. मग तीन आठवडे वजा करून पैसे कोणत्या तारखेला संपतात ते काढा. ती तारीख पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्या तारखेपासून मागे येत येत जूनची खरेदी ठरवणार आहोत, तेव्हा हे पान समोर लागेल.